आचंद्रार्क : सूर्याचा अंत आणि जीवाचे अनादित्व

जुन्या दानपत्रांच्या आणि शिलालेखांच्या भाषेत 'आचंद्रार्क' असा एक शब्द येतो. चंद्र आणि अर्क, म्हणजे सूर्य, जोवर आहेत तोवर, हा त्याचा अर्थ. दात्याने भूमी दिली ती आचंद्रार्क दिली. वचन दिले ते आचंद्रार्क पाळावयाचे. ज्यांना अक्षरे वाचता येत नसत त्यांना हाच अर्थ दगडावर चंद्रसूर्य कोरून सांगितला जाई. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या डोंगरी मुलखात अटन करणाऱ्यास मंदिराच्या आवारात, पारावर किंवा गावाबाहेर उभे असलेले वीरगळ दिसतात. तळाशी युद्धाचा प्रसंग, त्यावर वीराचे स्वर्गारोहण, त्याहून वर त्याने केलेली पूजा, आणि शेंड्याला एका अंगास चंद्रकोर व दुसऱ्या अंगास सूर्यबिंब. या वीराची कीर्ती चंद्रसूर्य असेतोवर राहो, असा त्या खुणेचा आशय आहे.

आता खगोलशास्त्र असे सांगते की, ज्याच्या साक्षीने ही वचने दिली गेली त्या अर्कालाच अवधी आहे. तो केव्हा तरी उत्पन्न झाला, आज मध्यम वयात आहे, पुढे वृद्ध होईल आणि विझेल. ही गोष्ट आज शाळेत जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. त्यातून एक शंका उत्पन्न होते, आणि प्रवचनानंतर ती आम्हांस अनेकदा विचारली जाते. सूर्य राहणार नाही, पृथ्वी राहणार नाही, मग आचार, दान, ग्रंथ, परंपरा यांचा उपयोग काय? शेवटी काहीच उरावयाचे नाही, तर आज एक केले काय आणि दुसरे केले काय?

ही शंका बालिश म्हणून हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. विचारणारा बहुधा तरुण असतो आणि त्याने ती गंभीरपणे विचारलेली असते. तिचे समाधान झाले नाही तर त्याच्या मनात एक तर खिन्नता घर करते, नाही तर 'कशालाच अर्थ नाही' हे निमित्त करून तो आचार सोडतो. दोन्ही मार्गांनी जीवाची हानीच होते. म्हणून प्रस्तुत लेखात आधी वस्तुस्थिती, नंतर पूर्वपक्ष आणि त्यानंतर उत्तरपक्ष, या क्रमाने तिचा विचार करावयाचा आहे.

सूर्याचे आयुर्मान

सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे मानले जाते. हा आकडा मनात भरावा म्हणून जवळचे एक माप घेऊ. वेल्ह्याजवळचा तोरणा आणि त्याच्या शेजारचा राजगड ज्या काळ्या कातळाचे बनले आहेत तो कातळ सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झाला. आपण ज्याला अतिप्राचीन म्हणतो त्या सह्याद्रीचा हा पाषाण वयाने सूर्याचा केवळ सत्तरावा अंश आहे.

सूर्य जळतो असे आपण म्हणतो, परंतु चुलीतील लाकडासारखे ते जळणे नव्हे. एकोणिसाव्या शतकात केल्व्हिन यांनी असे मानले होते की सूर्य स्वतःच्या भाराने आकुंचन पावतो आणि त्यातून त्याला उष्णता मिळते. त्या हिशेबाने सूर्याचे वय काही कोटी वर्षांपलीकडे जात नव्हते. पुढे १९२० साली एडिंग्टन यांनी, हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होताना तेज निर्माण होत असावे, असे सुचविले आणि १९३९ साली हान्स बेथे यांनी या रूपांतराची रीत मांडली. सूर्याच्या गाभ्यात तपमान सुमारे दीड कोटी अंश आहे. तेथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यात सुमारे ४० लक्ष टन द्रव्य तेजोरूप होऊन बाहेर पडते.

या हेलियमची ओळख प्रथम सूर्याच्याच प्रकाशात पटली, आणि त्या इतिहासात आपल्या भूमीचाही भाग आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. यान्सेन यांनी गुंटूर येथे आणि हर्शेल घराण्यातील एका अधिकाऱ्याने पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात त्याचे निरीक्षण केले. कोकणात विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' आजही त्या ग्रहणाची आठवण म्हणून दाखवितात. त्या ग्रहणात आणि त्यानंतरच्या निरीक्षणांत सूर्यप्रकाशात एक पिवळी रेषा आढळली. ती ओळखीच्या कोणत्याच द्रव्याची नव्हे, हे लॉकियर यांनी इंग्लंडात ताडले. सूर्याच्या नावावरून त्या द्रव्याला हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर ते सापडावयास १८९५ साल उजाडले. सूर्याला एक दिवस जे निष्प्रभ करणार आहे ते द्रव्य माणसाला आधी सूर्यातच दिसले, पृथ्वीवर नंतर.

निष्प्रभ करणार ते कसे, हे समजून घेतले पाहिजे. सूर्य झिजून संपणार नाही. आजवरच्या संपूर्ण आयुष्यात प्रकाशावाटे त्याचे जे द्रव्य गेले ते त्याच्या एकंदर भाराच्या एक टक्क्याचा तिसावा भागही जेमतेम भरेल. अडचण निराळीच आहे. चुलीत राख साठत जावी आणि ती काढणारे कोणी नसावे, तसे गाभ्यात हेलियम साठत जाते. बाहेरच्या थरांत हायड्रोजन विपुल असूनही ते गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. राख जसजशी वाढते तसतसा गाभा दाटतो, अधिक तापतो आणि सूर्य मंद होण्याऐवजी अधिक प्रखर होतो. जन्मकाळी सूर्याचे तेज आजच्या सुमारे सत्तर टक्के होते. पुढेही दर शंभर-सव्वाशे कोटी वर्षांत ते सुमारे एक दशांशाने वाढत राहील. म्हणून पृथ्वीवरील जीवसृष्टीचा शेवट सूर्य विझल्याने होणार नाही. तो सूर्याच्या वाढत्या तापाने, सागर आटून, फार आधी होईल. साधारणतः १०० कोटी वर्षांच्या पुढेमागे.

सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातील हायड्रोजन संपेल. मग गाभा आकुंचन पावेल आणि बाहेरचा भाग फुगत जाऊन सूर्य तांबूस वर्णाचा राक्षसी तारा होईल. आजपासून सुमारे ७६० कोटी वर्षांनी त्याची त्रिज्या आजच्या दोनशे पटींहून अधिक झालेली असेल. बुध आणि शुक्र त्यात गडप होतील. पृथ्वीचेही बहुधा तेच होईल, असे बहुतेक गणिते सांगतात. त्यानंतर काही काळ हेलियमचेही कार्बन आणि ऑक्सिजन होईल. शेवटी बाहेरचे थर अवकाशात विखुरले जाऊन पृथ्वीएवढा लहान, अतिशय दाट असा एक श्वेत गोळा मागे उरेल आणि तो नव्या इंधनावाचून थंड होत राहील. सूर्याचा स्फोट होईल असा समज पुष्कळांत आहे. तो बरोबर नाही. तो स्फोट फार मोठ्या ताऱ्यांच्या वाट्याला येतो. श्वेत गोळ्याच्या अवस्थेत तारा किती भार सहन करू शकतो याचे गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९३० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, विलायतेच्या बोटप्रवासात केले. ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. सूर्य तिच्या पुष्कळ आत असल्याने तो शांतपणेच विझणार.

इतक्या दूरच्या भविष्याविषयी हे कशावरून सांगतात, असे कोणी विचारील. एखाद्या गावात एकच दिवस राहिलेला पांथस्थही तेथे तान्हे मूल, तरुण, वृद्ध आणि स्मशान ही सर्व पाहतो आणि मनुष्याच्या आयुष्याचा क्रम जाणतो. खगोलशास्त्रज्ञ आकाशात तेच करतात. भोर-वेल्ह्याच्या अंधाऱ्या रात्री हा क्रम आपणही पाहू शकतो. स्वाती नक्षत्राचा नारिंगी तारा भाराने सूर्याच्या जवळपास, परंतु म्हातारपणामुळे त्याच्या सुमारे पंचवीस पट फुगलेला आहे. सूर्याचा उतारकाळ तेथे दिसतो. अभिजिताजवळ दुर्बिणीतून एक कंकणाकार तेजोमेघ दिसतो. ते मरणाऱ्या ताऱ्याने टाकलेले कवच आहे. व्याधाचा एक सोबती तारा आहे. तो सूर्याएवढ्या भाराचा आणि पृथ्वीएवढ्या आकाराचा आहे; साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. तो विझत चाललेला श्वेत गोळा म्हणजे एका गतकालीन सूर्याचे अवशिष्ट शरीर आहे. आपल्या सूर्याचा अभ्यासही थांबलेला नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने सोडलेले आदित्य-एल १ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी नियोजित कक्षेत पोहोचले. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत सिद्ध झालेली आहे.

पूर्वपक्ष

या वस्तुस्थितीवर तीन प्रकारचे पक्ष मांडले जातात.

पहिला पक्ष निराशेचा. सर्व नष्ट होणार म्हणून सर्व निरर्थक, असे तो म्हणतो.

दुसरा पक्ष आशेचा. तो म्हणतो, मनुष्य तोवर इतका पुढे गेलेला असेल की दुसऱ्या ताऱ्याच्या आश्रयाला जाईल आणि वंश टिकवील. म्हणून भीतीचे कारण नाही.

तिसरा पक्ष आपल्याच मंडळींत आढळतो आणि तो श्रद्धेच्या वेषात येतो. हे सर्व ग्रंथांत पूर्वीच सांगितले आहे, असे त्याचे म्हणणे. प्रलयकाळी बारा सूर्य तापतात असे पुराणे सांगतात, तोच हा फुगलेला सूर्य. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा सांगितला, तेच हे सूर्याचे आयुष्य. आणि शास्त्रात सांगितलेला संहार तो हाच.

उत्तरपक्ष

तिसऱ्या पक्षाचा विचार प्रथम करू, कारण तो घरातला आहे. शास्त्राचा गौरव करण्याची ही रीत शास्त्रालाच उणेपणा आणते. ज्या ४३२ कोटींचा मेळ घातला जातो त्या कल्पाची, पुराणांच्याच गणनेने, सुमारे १९७ कोटी वर्षे आजवर गेली आहेत. सूर्याचे वय मात्र ४६० कोटी आहे. हा मेळ पहिल्या पायरीवरच मोडतो. दुसरे असे की, सूर्य हा एक तारा आहे. तो विझला तरी आपल्याच आकाशगंगेत असंख्य तारे तळपत राहतील. संहार म्हणजे कार्यरूप प्रपंचाचा लय. एका दिव्याचे विझणे म्हणजे संहार नव्हे. तिसरे असे की, भौतिक विद्येचे आकडे पालटतात, आणि पालटणे हाच त्या विद्येचा प्रामाणिकपणा आहे. केल्व्हिन यांच्या काळी कोणी त्यांच्या आकड्याशी ग्रंथवचनाचा मेळ घालून समाधान मानले असते तर पुढच्या पिढीपुढे त्याला काय सांगता आले असते? ब्रह्मविद्येचे प्रामाण्य सूर्याच्या वयावर अवलंबून नाही. ज्याचा जो विषय त्यात त्याचे प्रमाण मानावे. सूर्यबिंब किती काळ तळपेल हा ज्योतिःशास्त्राचा विषय; जीवाचे बंधन कशाने सुटेल हा ब्रह्मविद्येचा.

इतके केल्यावर मात्र ब्रह्मविद्या या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहते ते सांगणे आवश्यक आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र, अनादी आणि नित्य आहेत. त्यांपैकी प्रपंच कारणरूपाने नित्य असला तरी कार्यरूपाने अनित्य आहे. दृश्य सूर्यबिंब हे त्या कार्यरूप प्रपंचातील होय. जे घडले ते मोडावयाचेच. सूर्याला अंत आहे हे ऐकून ब्रह्मविद्येच्या अभ्यासकाला धक्का बसण्याचे कारण नाही. मडक्याला अंत आहे हे ऐकून बसत नाही, तसाच. देवता हा पदार्थ बिंबाहून वेगळा आहे, म्हणून बिंबाच्या नाशाने देवतापदार्थाला बाध येतो असेही नव्हे. आपल्याला सूर्य चिरंतन वाटत होता तो आपल्या आयुष्याच्या अपुऱ्या मापामुळे.

आता निराशेचा पक्ष. त्याचा सर्व भार एका गृहीतावर आहे: जे टिकत नाही त्याला मोल नाही. हे गृहीत उलट बाजूने तपासून पाहावे. क्षणभर असे धरू की सूर्य कधीच विझणार नाही. एवढ्याने असत्य सत्य होईल काय? हिंसा अहिंसा होईल काय? भुकेल्याच्या तोंडचा घास काढून घेणे क्षम्य ठरेल काय? कोणीही नाही म्हणेल. अविनाशी सूर्य आपल्या आचरणाच्या योग्यायोग्यतेत काडीचीही भर घालू शकत नाही. ज्याने भर पडत नव्हती ते काढून घेतल्याने उणे तरी काय होणार? आचाराचे मोल सूर्याकडून उसने आणलेले नव्हतेच. म्हणून सूर्य जाताना ते घेऊन जाऊ शकत नाही.

येथे अशी शंका येईल की, परिणाम पुसले गेल्यावर कर्म व्यर्थच ठरते. समाधान असे की, अन्नार्थ्याला दुपारी दिलेल्या अन्नाचा परिणाम सायंकाळी पुसला जातो, त्याला पुन्हा भूक लागते. म्हणून दुपारचे देणे व्यर्थ गेले असे आपण म्हणत नाही. आणि सूर्य कितीही तेज ओतीत असला तरी तो 'देतो' असे म्हणणे हा केवळ भाषेचा व्यवहार आहे. दर सेकंदाला ४० लक्ष टन द्रव्य त्याच्यापासून जाते, परंतु त्याला ते ठाऊक नाही. तो ते रोखू शकत नाही आणि अधिकही देऊ शकत नाही. जाणून देणे, न देण्याची मोकळीक असताना देणे, हे चेतनाचेच कार्य होय. संध्याकाळच्या शिध्यातून अर्धी भाकर वेगळी काढणारी घरधनीण जे करते ते सूर्याला त्याच्या सगळ्या आयुष्यात एकदाही करता यावयाचे नाही.

आशेच्या पक्षाविषयी थोडकेच पुरे. एका ताऱ्याचा आश्रय सुटला म्हणून दुसऱ्या ताऱ्याकडे जाणे ही वस्तीची पालट आहे, बंधनाची सुटका नव्हे. देवतांच्या फळांविषयी आपण जे शिकलो त्याची येथे आठवण व्हावी. कितीही थोर देवतेचे फळ असले तरी ते भोगून सरते आणि जीव पुन्हा कर्मभूमीवर येतो. शंभर सूर्य बदलले तरी राहणाऱ्याची अविद्या त्याच्यासोबतच प्रवास करील. वंशरक्षणासाठी मनुष्य जे प्रयत्न करील ते करो, त्यांस आमचा विरोध नाही; परंतु ते प्रश्नाचे उत्तर नव्हे, केवळ मुदत वाढविणे आहे.

आचंद्रार्क वचने कोणी मोडली?

आता ज्या शब्दापासून आरंभ केला त्याकडे वळू. चंद्रसूर्याच्या साक्षीने दिलेल्या वचनांचे पुढे काय झाले? भोर-वेल्ह्याचा इतिहास याचे उत्तर स्पष्ट देतो. हा मुलूख वतनांचा आणि इनामांचा. कारीचे जेधे रोहिडखोऱ्याचे देशमुख होते. पुढे पंतसचिवांचे संस्थान भोरला नांदले. पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने चालावे असे लिहून दिलेले कागद या खोऱ्यांत घरोघर जपले गेले. भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी वतने व इनामे रद्द झाली. वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण १९२८ साली पूर्ण झाले आणि पिढ्यानुपिढ्या कसलेल्या जमिनी पाण्याखाली गेल्या. आता त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला. ज्या नावाने हा मुलूख आपण ओळखतो ते नावदेखील पालटते.

यांतील काही बदल न्याय्य होते, काही दुःखद होते. तो निवाडा येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की, यांपैकी एकही वचन सूर्य विझल्यामुळे संपले नाही. दोन-तीनशे वर्षांत सूर्याच्या आयुष्यात पापणी लवण्याइतकाही काळ गेला नव्हता. वचने संपली ती माणसे, राज्ये आणि गरजा बदलल्यामुळे. 'चंद्रसूर्य असेतोवर' असे लिहिताना माणसाला भय वाटत होते ते सूर्याच्या नाशाचे नव्हते, माणसाच्या मनाच्या चंचलतेचे होते. म्हणून तर तो साक्षीला आकाशातील वस्तू बोलावीत होता. साक्षी अढळ राहिला, वचन देणारा ढळला. तेव्हा सूर्याच्या मरणाची काळजी करणाऱ्याने आधी हे पाहावे की, आपण काल दिलेला शब्द आज आपल्याजवळ शिल्लक आहे काय.

उरलेला अवधी

निराशेच्या पक्षाने काळाचे माप काढलेच आहे, तर ते नीट लावून पाहू. सूर्याचा मुख्य काळ अजून सुमारे ५०० कोटी वर्षे आहे. सत्तर वर्षांचे एक मनुष्यजन्म धरले तर एकापाठोपाठ एक सात कोटींहून अधिक जन्म त्यात बसतील. आपल्या हातात त्यांपैकी एकच आहे, आणि सत्तर वर्षांचे दिवस मोजले तर ते पंचवीस हजार सहाशेंच्या आसपास भरतात. हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे त्यातील निम्म्याहून अधिक खर्चही झालेले असतील. ज्याची मुदत पंचवीस हजार दिवसांची आहे त्याने ५०० कोटी वर्षांच्या मुदतीविषयी खिन्न होणे हे स्वतःच्या घराला आग लागलेली असताना दूरच्या डोंगरावर विजेचा लखलखाट पाहत बसण्यासारखे आहे.

सूर्याच्या अंताने जे वैराग्य येते ते म्हणूनच खरे नव्हे. स्मशानातून परतल्यावर येणारे वैराग्य निदान घरी पोहोचेपर्यंत तरी टिकते. हे तेवढेही टिकत नाही, कारण त्यात आपले स्वतःचे काहीच गमावलेले नसते. वैराग्य स्वतःच्या देहाच्या क्षणभंगुरतेतून आणि परमेश्वराच्या असन्निधानाच्या दुःखातून यावयास हवे.

आणि येथेच या विषयातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. जीव अनादी आहे. सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे. म्हणजे जीव सूर्याहून जुना आहे. सूर्य नव्हता तेव्हाही हा जीव होता आणि सूर्य विझेल तेव्हाही असेल. हे ऐकून प्रथम दिलासा वाटतो: सूर्याचे मरण हे माझे मरण नव्हे. परंतु क्षणभर थांबले की त्याच वाक्याची दुसरी बाजू दिसते. इतका जुना असूनही हा जीव अजून बद्ध आहे. सृष्टी झाल्या, संहार झाले, कोणकोणत्या आकाशांखाली याने देह घेतले याची गणती नाही. आणि तरीही तो अजून सुटलेला नाही. सूत्रपाठात संहार, संसरण आणि उद्धरण ही स्वतंत्र प्रकरणे आहेत, हे ध्यानात असावे. संहार म्हणजे उद्धरण नव्हे. सर्व विझले म्हणजे आपणही सुटलो, हा समज चुकीचा आहे. संहाराने अनादी अविद्या जात नाही. ती जाते ती परमेश्वराच्या कृपेने, त्याच्या ज्ञानाने आणि भक्तीने. भय वाटावयाचेच असेल तर ते सूर्य विझण्याचे वाटू नये. अनेक सूर्य विझूनही आपण जसेच्या तसे राहिलो, याचे वाटावे.

जवळची आग

शेवटी आचाराचा एक मुद्दा, कारण विचार आचारापर्यंत आला नाही तर तो कोरडा राहतो. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर दर उन्हाळ्यात वणवे लागतात. काही अपघाताने लागतात, परंतु पुष्कळ वेळा माणूसच वाळलेल्या गवताला काडी लावतो. पुढच्या वर्षी गवत चांगले येते, अशी समजूत त्यामागे असते. त्या आगीत जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, सरडे, साप, ससे आणि डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव होरपळतात. उतारावरची माती मोकळी होते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. शंभर कोटी वर्षांनी सूर्य या डोंगरांवर काहीच जगू देणार नाही, हे खरे. पण यंदाच्या चैत्रात ते जीव सूर्याने जाळले नाहीत.

सूर्याने पृथ्वी तापविण्याला अजून कोट्यवधी वर्षे आहेत. मनुष्याने धुराड्यांतून आणि इंधनांतून सोडलेल्या वायूंनी ती एक-दीड शतकातच तापू लागली आहे. दूरच्या अटळ नाशाचे नाव पुढे करून जवळचा टाळता येणारा नाश करीत राहणे, यासारखी आत्मवंचना नाही. अटळाविषयी विवेक हवा आणि टाळता येण्याजोग्याविषयी दया. अहिंसा हा आपल्या आचाराचा पाया आहे, आणि त्या पायाला 'आज ना उद्या सर्व मरणारच' हा युक्तिवाद कधीही मान्य झालेला नाही. तो मान्य केला तर मुंगीलाही वाचविण्याचे कारण उरणार नाही, कारण मुंगीला मरण्यासाठी सूर्य विझण्याची वाट पाहावी लागत नाही. आपण पाय जपून टाकतो तो ती चिरंजीव आहे म्हणून नव्हे. ती आता जिवंत आहे म्हणून.

तात्पर्य

सूर्य अनित्य आहे. तो कार्यरूप प्रपंचाचा भाग आहे आणि त्याचा अंत हे आश्चर्य नव्हे. त्या अंताची गणना ज्योतिःशास्त्राकडून शिकावी आणि तिच्याशी शास्त्रवचनांचा ओढूनताणून मेळ घालू नये. आचाराचे मोल सूर्याच्या आयुष्यावर अवलंबून नाही. सूर्याचा नाश हा जीवाचा नाश नव्हे आणि जीवाची मुक्तीही नव्हे. जीवाला मिळालेला अवधी सूर्याच्या अवधीहून फार आखूड आहे, आणि त्यात करावयाचे काम सूर्याला न साधणारे आहे.

ज्या तरुण सद्भक्ताच्या मनात ही शंका असेल त्याला एवढेच सांगावेसे वाटते. सूर्यास्ताच्या वेळी डोंगराआड जाणाऱ्या बिंबाकडे अवश्य पाहावे, त्याच्या आयुष्याचा विचार अवश्य करावा. त्या विचाराने लहानपणाची जाणीव झाली तर तीही हितकरच आहे. परंतु त्यानंतर स्मरणाला बसावे, दिलेला शब्द पाळावा, हाताशी आलेल्या भुकेल्याला विन्मुख पाठवू नये आणि गवताला काडी लावणाऱ्याचा हात धरावा. यांपैकी एकही काम उद्याच्या सूर्योदयापर्यंत लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

दंडवत प्रणाम.